एकच नाव, आठ फोटो : गोकाकच्या मालिकेचं सगळं प्रकरण

आमचा भाचा फोटोग्राफीचा कोर्स करतोय, आणि शेवटच्या सहामाहीत त्याला एक काम मिळालं होतं. एकच नाव असलेल्या वेगवेगळ्या जागा आणि वस्तू शोधायच्या, त्यांचे आठ फोटो काढायचे आणि ते भिंतीवर एका ओळीत लावायचे, बस्स. ऐकायला सोपं वाटतंय पण करायला घेतलं की कळतं भानगड काय आहे ते, आणि मी लग्नाचे फोटो काढण्यात अर्धं आयुष्य घालवलेला माणूस असल्यामुळे गाडी चालवायला आणि सल्ला द्यायला मलाच नेलं. हे काम कसं अडलं आणि कसं सुटलं ते सविस्तर लिहितोय, कारण असलं काम अजून कुणीतरी करणारच आहे.

पहिला प्रश्न नाव कुठलं घ्यायचं हा. बेळगावात बसून विचार केला की पहिलं नाव सुचतं चन्नम्मा. चन्नम्मा सर्कल आहे, राणी चन्नम्मा विद्यापीठ आहे २०१० सालचं, बेंगळुरूला जाणारी राणी चन्नम्मा एक्सप्रेस आहे, कित्तूरचा किल्ला आहे, बैलहोंगलला समाधी आहे. भाचा खूश, म्हणाला मामा झालंच की हे, दोन दिवसांचं काम. मी म्हटलं थांब जरा. ही सगळी नावं एकाच पद्धतीने दिलेली आहेत, कुणीतरी ठराव केला आणि स्मरणार्थ नाव ठेवलं, त्यामुळे फोटोत तलवारवाली राणी पुन्हा पुन्हा येणार. कित्तूरच्या ह्या राणीची इंग्रजांशी १८२४ ची लढाई मोठीच, पण आठ फोटोंत आठ वेळा तेच सांगून होणार काय.

मग खानापूर निघालं. आपल्या जिल्ह्यातला खानापूर तालुका आणि तिकडे सांगली जिल्ह्यातला खानापूर तालुका, ज्याचं मुख्य ठिकाण विटा. हे मला फार आवडलं होतं, पण दोन्ही शेवटी गावंच, वस्तू कुठे आहेत त्यात? शहापूरचंही तेच झालं.

गोकाक हे आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या गावाचं नाव निघालं ते बहिणीच्या स्वयंपाकघरात, करदंटाचा, म्हणजे डिंक-सुकामेव्याच्या मिठाईचा, डबा उघडताना. गोकाकचं करदंट, गोकाकचा धबधबा, गोकाकची लाकडी खेळणी, गोकाक रोड स्टेशन, गोकाकची गिरणी, गाव तर आहेच. आणि मग बहिणीचे सासरे बाहेरच्या खोलीतून म्हणाले, आणि गोकाक अहवाल? तो कोण काढणार? तेव्हा सगळे हसले, पण खरं प्रकरण तिथंच सुरू झालं होतं.

पहिल्या फेरीत भाच्याने जे फोटो आणले ते मी कॉम्प्युटरवर बघितले आणि काही बोललोच नाही थोडा वेळ. सगळे बोर्ड. स्टेशनचा पिवळा बोर्ड, दुकानाचा बोर्ड, रस्त्यावरचा हिरवा किलोमीटरचा बोर्ड, बसच्या काचेवरचा बोर्ड, मिठाईच्या बॉक्सवरची अक्षरं, आणि धबधब्यासमोरही पर्यटन खात्याचा बोर्ड पुढे आणि पाणी मागे असं. फोटो स्वच्छ होते, एक्स्पोजर बरोबर, रेषा सरळ. पण सगळे फोटो अक्षरांचेच.

म्हटलं हे काय रे? तर म्हणतो, "मामा, नाव नाही दिसलं तर लोकांना कळणार कसं हे गोकाकचं म्हणून?"

"मग फोटोखाली पट्टी कशाला लावायलास?"

"ती कोण वाचतंय."

ह्यावर आमचं बरंच वाजलं. त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, विषयच नावाचा आहे तर नाव दाखवायला नको काय. पण मला वाटतं नाव ही फोटोत येणारी चीजच नाही. कॅमेऱ्याला पाणी दिसतं, लाकूड दिसतं, तूप दिसतं, नाव दिसत नाही, नाव आपण जोडतो. बोर्ड काढला की फक्त रंगवलेला पत्रा मिळतो, आणि बघणाऱ्याच्या डोक्यात जे जोडायचं काम व्हायला पाहिजे ते आपणच आधी करून मोकळे होतो. नाव पट्टीवर राहू दे, वरती ती वस्तू तिच्या स्वतःच्या कामात असताना दाखव, आणि मग माणूस एकदा फोटो एकदा पट्टी असं बघत जाईल, हे मी त्याला कसंतरी पटवलं. पूर्ण नाही पटलं. एक बोर्ड मी ठेवतोच म्हणाला, आणि पुढे तो बरोबर निघाला, ते सांगतो.

दुसरी अडचण ओळीची. आठ फोटो कुठल्या क्रमाने लावायचे? मोठ्यापासून छोट्यापर्यंत, की जागा आधी आणि वस्तू नंतर, की नुसतं रंग बघून? ह्याचं उत्तर आम्हाला कागदावर मिळालं. मी त्याला म्हटलं, नाव कुणाकडून कुणाकडे गेलं ते लिही बघू. तेव्हा असं निघालं की आधी गाव, गावावरून धबधब्याला नाव, धबधब्याच्या पाण्यावर गिरणी उभी राहिली म्हणून गिरणीला तेच नाव, रेल्वे आली तेव्हा स्टेशनला गावाचं नाव पण स्टेशन गावात नाही, करदंट आणि खेळणी गावातल्या हातांची म्हणून गावाची, मग एका घराण्याचं आडनाव, त्या आडनावाचा एक माणूस, त्या माणसाच्या समितीचा अहवाल, आणि अहवालावरून एक अख्खी चळवळ. म्हणजे एका गावाचं नाव शेवटी एका आंदोलनाला जाऊन चिकटलं, ज्याचा त्या गावाशी तसा काही संबंध नाही. हीच ओळ लावायची ठरली आणि मग बाकी बरंच आपोआप सुटलं.

गावाचा फोटो पटकन झाला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये घटप्रभेला जो पूर आला, लोळसूरचा पूल पाण्याखाली गेला, गावात पाणी शिरलं, ते आपल्याकडे कुणी विसरलेलं नाही. नदीकडच्या एका गल्लीत एका घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ अजून होती, खाली मळकट आणि वर निळा रंग, समोर सायकल टेकवलेली. घरातल्या काकूंनी विचारलं कशाला काढतोस रे भिंत, तर ह्याने कन्नडमध्ये काहीतरी सांगितलं, त्या आत गेल्या आणि चहा घेऊन आल्या. फोटो एकच काढला, तोच ठेवला.

धबधब्याला मात्र डोकं लागलं. गावापासून सहाएक किलोमीटरवर घटप्रभा सुमारे बावन्न मीटर, म्हणजे एकशे सत्तर फूट खाली पडते, कडा घोड्याच्या नालासारखी वळलेली. पावसाळ्यात सगळ्या कडेवरून पाणी येतं आणि ते पाणी चहाच्या रंगाचं असतं, पांढरं नाही. इंटरनेटवरचे अर्धे फोटो बघा, लोकांनी ते ओढून ओढून पांढरं-निळं केलेलं असतं. भाच्यालाही तोच मोह, एनडी फिल्टर, म्हणजे उजेड कमी करणारी काळी काच, लावून अर्धा सेकंद शटर उघडं ठेवलं की पाण्याचा रेशमी पडदा होतो, छान दिसतं, आणि मग तो धबधबा जगातला कुठलाही असू शकतो. मी म्हटलं उलट कर, एक हजारांश सेकंदावर थांबव त्याला, मग पाण्यात गाळ दिसेल, ढेकळं दिसतील, फुटलेल्या लाटेची कडा दिसेल. तुषार इतके उडतात की पुढची काच दर मिनिटाला पुसायला लागते, मऊ सुती फडकं घ्या, टिश्यूने पुसलात तर काचेवर धागे राहतात आणि ते घरी गेल्यावर दिसतात. झुलत्या पुलावरून काढायची त्याची फार इच्छा होती, दोनशे मीटर लांबीचा आहे तो, पण आम्ही गेलो तेव्हा पुलावर सोडत नव्हते. बरंच झालं म्हणायचं, कारण चालत्या माणसांनी हलणाऱ्या पुलावर ट्रायपॉड लावून काय मिळणार होतं.

पाणी कधी किती असेल हे आकाशाकडे बघून कळत नाही हेही सांगून ठेवतो. वरती हिडकल धरण आहे, मग धुपदाळचा बंधारा, कालवे तिथून निघतात. आंबोली-चंदगडकडे पाऊस झाला की हिरण्यकेशी, ताम्रपर्णी आणि घटप्रभा मिळून ते पाणी इकडे येतं, पण धरणातून पाणी सुटल्याशिवाय धबधबा हवा तसा भरेलच असं नाही. उन्हाळ्यात गेलात तर नुसता खडक बघायला मिळेल. खडकही सुंदर आहे म्हणा, पण मामाचं पेट्रोल जाळून खडक बघायला कोण येणार.

तिथंच महालिंगेश्वराचं जुनं देऊळ आहे चालुक्य वळणाचं, आणि थोडं पुढे गेलं की गोडचिनमलकीचा धबधबा, मार्कंडेय नदीवरचा, जो मला विचाराल तर फोटोला जास्त चांगला आहे. भाच्याने दोन्हीचे फोटो काढले आणि दोन्ही मालिकेत घालायला निघाला. नाही म्हणजे नाही. नावात बसत नाही ते ओळीत येणार नाही, नाहीतर मग ही मालिका कसली, नुसतं पर्यटनाचं कॅलेंडर. चांगला फोटो बाहेर ठेवायला जीवावर येतं हे मलाही कळतं, माझ्या हार्डडिस्कमध्ये असे किती पडलेत.

गिरणी १८८० च्या दशकात उभी राहिली ती ह्याच पाण्याच्या जोरावर. आत कॅमेरा न्यायचा तर परवानगी पाहिजे, कुठल्याही गिरणीत तसंच असतं, आणि विद्यार्थ्याच्या कामाला एवढी पत्रापत्री परवडत नाही, म्हणून लांबून काढायचं ठरलं. दोनशे मिलिमीटरची, लांबचं जवळ ओढणारी लेन्स लावली की धबधब्याची कड आणि मागच्या दगडी इमारती एकमेकांना चिकटल्यासारख्या येतात, मधलं अंतर नाहीसं होतं, आणि हे इथं खोटं ठरत नाही, कारण पाणी आणि गिरणी ही जोडी खरोखरच एकमेकांवर उभी आहे. धबधब्याचा फोटो आडवा होता, म्हणून हा उभा काढला.

आता तो बोर्ड. गोकाक रोड हे मिरज-लोंढा लाईनवरचं लहान स्टेशन, घटप्रभा स्टेशनच्या अलीकडचं बेळगावहून येताना. ह्या लाईनवर चिकोडी रोडही आहे. 'रोड' लावलं की समजायचं गाव इथं नाही, इथून रस्ता जातो. भाच्याचं म्हणणं असं की मामा, इथं दाखवायला दुसरं आहेच काय, इथं नाव हीच वस्तू आहे. आणि ते मला मान्य करावं लागलं. करदंटाला गोकाक म्हटलं नाही तरी ते करदंटच राहतं, पण ह्या स्टेशनाला गावाशी जोडणारं त्या पिवळ्या बोर्डाशिवाय काही नाही. त्याने बोर्ड समोरून काढलाच नाही, मागून काढला. मागची बाजू कोरी, त्याचे दोन खांब, आणि पलीकडे मोकळा प्लॅटफॉर्म, एक बाई पिशवी घेऊन बाकावर. अक्षर एकही दिसत नाही. मी काही शिकवलेलं नव्हतं हे, त्यालाच सुचलं.

करदंटाचं सांगायला मला सगळ्यात आवडतं कारण तिथं आम्ही सगळ्यात जास्त वेळ बसलो, आणि खाल्लंही. एका दुकानाच्या मागच्या भट्टीवर बसू दिलं. मोठ्या कढईत तूप, त्यात डिंकाचे खडे मूठमूठ सोडतात, ते आधी तळाशी जातात आणि मग तडतडत वर येतात, पांढरे होऊन फुगतात, झाऱ्याने काढून परातीत. दुसऱ्या कढईत गुळाचा पाक, आचारी थेंब पाण्याच्या वाटीत टाकून दोन बोटांनी बघतो गोळी होते का. झाली की खोबरं, खारीक, बदाम, काजू, अंजीर, खसखस आणि तो फुललेला डिंक सगळं एकदम आत, आणि मग घाई, कारण पाक बसायला लागला की हलवणाऱ्याचा खांदा दुखतो. तुपाचा हात लावून ताटात थापलं, गरम असतानाच सुरीने रेघा मारल्या.

आता ह्याचा फोटो काढा बघू. तपकिरी वस्तू तपकिरी ताटात, वरून ट्यूबलाईट. पहिले फोटो बघून भाच्याचा चेहरा पडला, चिखल दिसतोय म्हणाला. फ्लॅश मारला तर तूप चमकून पांढरे ठिपके. शेवटी आचाऱ्यांनीच सोडवलं म्हणायचं, त्यांनी आम्हाला खायला म्हणून एक पातळ काप कापला आणि भाच्याने तो खिडकीच्या उजेडात धरला. उजेड मागून आला आणि गुळ लालसर पेटला, बदामाचा काप अंधारा, खोबऱ्याची कड पांढरी, डिंकाच्या भोकांतून उजेड आरपार. तसाच काढला, बोटांसकट, बोटांना तूप लागलेलं. अगदी जवळून काढायची मॅक्रो लेन्स नव्हती, साधी पन्नास मिलिमीटरची, जितकं जवळ जाता येईल तितकं. आचारी म्हणाले, "एवढ्या जवळून आम्ही पण नव्हतं बघितलं हो."

खेळण्यांचा फोटो चांगला आला नाही, ते मोकळेपणाने लिहितो. हलक्या लाकडाची कोरून रंगवलेली फळं, भाज्या, मूर्ती, सावंतवाडीच्या चिताऱ्यांची फळं ज्यांनी बघितलीत त्यांना अंदाज येईल. कारागीर मोजकेच उरलेत. आम्ही गेलो तेव्हा रंगाचं काम चालू नव्हतं, नुसतं तयार मालाचं कपाट. लाकडी केळ्याशेजारी खरं केळं ठेवून काढला, आयडिया म्हणून बरी, पण ती आयडियाच दिसते, हात दिसत नाही.

आणि राहिलं ते सासऱ्यांनी टाकलेलं काम. विनायक कृष्ण गोकाक, जन्म १९०९ सावनूरचा, इंग्रजीचे प्राध्यापक, पुण्यात फर्ग्युसनला शिकवलेले, कन्नडमध्ये 'विनायक' ह्या नावाने कविता, १९९० चं ज्ञानपीठ, १९९२ ला गेले. हा माणूस. आणि त्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीचा अहवाल, ज्यात माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव पहिली भाषा असावी असं होतं, आणि तो लागू करा म्हणून १९८२ च्या सुमाराला पेटलेली गोकाक चळवळ, ज्यात कन्नड सिनेमाचे नट डॉ. राजकुमार उतरले आणि मग ती घराघरात गेली. सीमाभागातल्या मराठी घरात हे नाव कुठल्या सुरात घेतलं जातं ते मी सांगायला नको. बहिणीचे सासरे म्हणाले घालायचंच नाही हे मालिकेत. भाचा म्हणाला आजोबा, मग नाव अर्धंच झालं की. दोन संध्याकाळी घरात हाच विषय, जेवणंसुद्धा गार झाली.

मला वाटतं घालायलाच पाहिजे होतं. गोड तेवढं आपलं आणि कडू तेवढं दुसऱ्याचं असं करून नावाची मालिका होत नाही. पण काढायचं काय? फोटोचा फोटो नको, पुतळ्याचा नको, आंदोलनाची जुनी कात्रणं म्हणजे परत अक्षरं. माणसासाठी एका वाचनालयातलं कन्नड कवितेचं कपाट काढलं. त्यांचं पुस्तक एका वाचकाच्या हातात गेलेलं आणि कपाटात मोकळी फट, पुस्तक नाहीच फोटोत.

अहवालासाठी भाच्याच्या धाकट्या बहिणीची वही. ती मराठी शाळेत जाते आणि कन्नडही शिकते, शाळेतली सगळीच पोरं शिकतात. एकाच वहीत डाव्या पानावर मराठी शुद्धलेखन आणि उजव्या पानावर कन्नड अक्षरं घटवलेली, पेन्सिल इतकी दाबलेली की उलट्या बाजूला उमटलीत, एका ठिकाणी खोडून खोडून कागद फाटलाय. आडव्या उजेडात काढला म्हणजे दाबाच्या खुणा दिसतात. ही अक्षरं चालतात काय मग, असं त्याने मला मुद्दाम विचारलं. चालतात, कारण त्यात गोकाक कुठंही लिहिलेलं नाही.

सासऱ्यांनी तो प्रिंट चष्मा लावून बघितला, म्हणाले उजवीकडचं अक्षर डावीकडच्यापेक्षा चांगलं आहे पोरीचं. बाकी काही बोलले नाहीत, नको पण म्हणाले नाहीत.

भिंतीवर लागले तेव्हा आठही प्रिंट एका मापाचे, बारा बाय अठरा, मॅट कागद, कारण ग्लॉसीवर करदंटाचं तूप आणि पावसाचं पाणी दोन्ही नकली दिसत होतं. पट्ट्या कन्नड, मराठी आणि इंग्रजीत, फक्त एक ओळ, ही वस्तू काय आणि नाव कुणाकडून आलं. सरांनी स्टेशनच्या फोटोपुढे सगळ्यात जास्त वेळ घेतला. लोकांनी अर्थातच करदंटाचा मागितला, दोघांनी दुकानाचा पत्तापण विचारला. वहीपुढे एक मास्तर आणि एक बाई बराच वेळ कन्नडमधून वाद घालत होते, भाचा मध्ये पडला नाही, शहाणा आहे. खेळण्यांपुढे कुणी थांबलं नाही.

तो एक फोटो बदलायचा आहे. गणपतीच्या आधी रंगाचं काम असतं असं कपाटवाल्या काकांनी सांगितलंय, तेव्हा फोन करून जायचं, सकाळी लवकर, आणि ह्या वेळी खरं केळं घरी ठेवून.